निवांतपणाची दगदग

निवांत राहायचं असं एकदा ठरवलं की माणसाला श्वास घ्यायलाही फुरसत मिळत नाही. मलावी सरोवरातल्या लिकोमा बेटावर जाऊन नुसतं पडून राहायचा बेत केलेला कुठलाही पर्यटक पाहावा. बेत ठरल्या दिवसापासून त्याची झोप उडालेली असते. मच्छरदाणीची भोकं किती बारीक असावीत, डोक्याला बांधायचा दिवा केवढा असावा, ओला टॉवेल किती मिनिटांत वाळला पाहिजे, पाण्यासाठी गोळ्या घ्याव्यात की गाळणी, यावर तो अनोळखी माणसांशी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाद घालत बसतो. शेवटी जी सॅक भरते ती उचलायला दोघं लागतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात खरं, पण विंचवाच्या बिऱ्हाडात एका नांगीखेरीज काही नसतं. याच्यात कपडे वाळत घालायची दोरी असते, तीन प्रकारची मलमं असतात, आणि एक जाडजूड रशियन कादंबरी असते. तिच्या बाराव्या पानावरची खूण आजवर कित्येक देश फिरून आलेली असते. तेरावं पान अजून कोरं करकरीत आहे.

या माणसाचं नाव सांगायची गरज नाही. तो हॉलंडचा असतो, ऑस्ट्रेलियाचा असतो, आणि अलीकडे अधूनमधून पुण्याचाही असतो. सोयीसाठी त्याला ‘प्रवासी’ म्हणू.

आता बेटाबद्दल. मलावी सरोवराची लांबी साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे मुंबईहून रस्त्याने निघून जवळजवळ पणजी गाठावी इतकी. त्यात लिकोमा म्हणजे जेमतेम अठरा चौरस किलोमीटरचा तुकडा. गंमत अशी, की बेट मलावीचं आणि भोवतालचं पाणी मोझांबिकचं. १८८०च्या दशकात इंग्रज मिशनऱ्यांनी इथे बस्तान बसवलं होतं. त्यामुळे १९५४ साली इंग्रज आणि पोर्तुगीज सरोवराची वाटणी करायला बसले तेव्हा लिकोमा आणि शेजारचं चिझुमुलू ही दोन बेटं इंग्रजांच्या न्यासालँडकडे, म्हणजे आजच्या मलावीकडेच राहिली. भाऊबंदकीत विहीर एकाची आणि पाणी दुसऱ्याचं असे निवाडे आपण ऐकलेले असतात. इथे ते दोन साम्राज्यांनी मिळून केलं. समोर दिसतो तो किनारा मोझांबिकचा. त्या देशाचा कारभार १७५२ सालापर्यंत गोव्याहून चालायचा. तेव्हा एखादा गोवेकर प्रवासी झोपाळ्यात पडल्यापडल्या समोर बोट दाखवून “हे पूर्वी आमच्या पणजीकडे होतं,” म्हणाला, तर ती पुरती थाप नव्हे. गोव्याहून निघालेला कागद या किनाऱ्यापर्यंत कधी पोचायचा का, हा प्रश्न त्याला विचारू नये.

बेटावर धावपट्टी आहे आणि छोटं विमान उतरतं. पण विमानाने येणं हे प्रवाशाच्या तत्त्वात बसत नाही. (खिशातही बसत नाही, पण सांगताना तत्त्व सांगायचं.) तो येतो बोटीने. ‘इलाला’ ही बोट १९५१ पासून या सरोवरात आहे. दक्षिणेच्या मंकी बेहून निघून उत्तरेच्या चिलुंबापर्यंत जायचं आणि परत यायचं, असा तिचा आठवड्याचा रिवाज. मधल्या काळात ती कधी आजारी पडली, कधी गोदीत जाऊन बसली, पण किनाऱ्यावरची माणसं तिच्याबद्दल घरातल्या म्हाताऱ्या आत्याबद्दल बोलावं तसं बोलतात. येईल तेव्हा येईल, आल्यावर बोलू नका, बसायला द्या.

प्रवाशाला मात्र हे नवीन असतं. घड्याळाच्या जाचाला कंटाळून आलो असं त्याने सगळ्यांना सांगितलेलं असतं, आणि वाटेतल्या न्खाटा बेच्या धक्क्यावर तो दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतो.

“बोट कधी येणार?”

“येईल.”

“पण किती वाजता?”

“आली की.”

“वेळापत्रक असेल ना?”

“आहे की. त्या भिंतीवर लावलंय. छान आहे.”

बोटीचा खालचा मजला म्हणजे हलता बाजार. मक्याची पोती, गाद्या, सायकली, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि या सगळ्यांवर पसरलेला वाळलेल्या उसिपाचा दरवळ. उसिपा म्हणजे बोटभर लांबीची चंदेरी मासळी. मालवणी माणसाला हा वास आला की घरची आठवण येते, बाकीच्यांना डोळ्यांत पाणी येतं. प्रवासी वरच्या उघड्या डेकचं तिकीट काढतो, ताऱ्यांखाली पथारी पसरतो आणि “हेच खरं जगणं” असं वहीत लिहून ठेवतो. मग मध्यरात्री म्वेरा सुटतो. हा आग्नेयेकडून येणारा वारा. मे ते ऑगस्टमध्ये त्याचा जोर असतो, आणि सरोवराला समुद्र व्हायची हौस आहे ती याच्या जिवावर. त्या रात्री वहीत पुढे काही लिहिलं जात नाही.

उतरणं हा वेगळाच सोहळा. वर्षानुवर्षं लिकोमाला मोठ्या बोटीसाठी धक्काच नव्हता. ‘इलाला’ लांब पाण्यात उभी राहायची आणि तिच्या जीवरक्षक होड्या माणसं नेऊन सोडायच्या, बहुधा अपरात्री. होडीत उतरणारे आणि होडीतून चढणारे यांची गाठ एकाच शिडीवर पडायची. दादर स्टेशनवर घडलेल्या माणसाला यात काही विशेष वाटू नये, पण दादरला खाली पाणी नसतं आणि डोक्यावरून शेळी जात नाही. प्रवासी छातीशी सॅक कवटाळून ओरडत असतो, “माझी बॅग! माझी बॅग!” आणि त्याच वेळी एखादी बाई पाठीला मूल, डोक्यावर पिठाची गोणी, हातात घासलेट घेऊन त्याच्या शेजारून शांतपणे होडीत उतरते. तिने चप्पलसुद्धा ओली केलेली नसते.

ओझ्याची तक्रार या सरोवरावर करूच नये. मिशनची ‘चॉन्सी मेपल्स’ ही आगबोट ग्लासगोत बांधली, सुटी केली, तिचे हजारो डाग करून आफ्रिकेत आणले आणि १९०१ साली पुन्हा जोडून पाण्यात सोडली. नदीतून नेता येईना तिथे शेकडो माणसांनी तिचा अकरा टनी बॉयलर जंगलातून ओढत आणला. त्यांच्यापैकी कुणी पाठीच्या पट्ट्याला मऊ गादी आहे का, असं विचारल्याची नोंद नाही.

पहाटे किनाऱ्याला लागल्यावर प्रवाशाला झोपाळा मिळतो. दोन आंब्यांच्या झाडांना बांधलेला, जाळीचा. इथून पुढे कार्यक्रम एकच: काही न करणे. आणि इथेच त्याच्या लक्षात येतं, की या कामात भयंकर स्पर्धा आहे.

झोपाळ्यांच्या वस्तीत मान मिळतो तो विस्मरणाला. आज वार कुठला हे ज्याला ठाऊक आहे तो अगदी खालच्या पायरीवरचा. महिना आठवत नाही तो बरा. वरच्या पायरीवर एक दाढीवाला असतोच असतो.

“तुम्ही कधीपासून आहात इथे?” नवा विचारतो.

दाढीवाला बराच वेळ पाण्याकडे पाहतो. “कधीपासून म्हणजे… आंबे होते तेव्हा.”

नव्याचा चेहरा पडतो. त्याच्याकडे परतीचं तिकीट आहे, आणि त्यावर तारीख छापलेली आहे. संध्याकाळपर्यंत तोही वार विसरल्याचं सोंग आणायला लागतो. फक्त हिवतापाची साप्ताहिक गोळी त्याला उघडं पाडते. ती ठरलेल्या वारीच घ्यावी लागते, त्यामुळे दाढीवाल्यासकट अख्खी वस्ती गुपचूप बोटांवर दिवस मोजत असते.

त्या गोळ्यांचं आणखी एक प्रकरण आहे. मेफ्लोक्विन नावाची गोळी घेणाऱ्यांपैकी काहींना विलक्षण स्वप्नं पडतात. हा तिचा नोंदलेला दुष्परिणाम आहे. त्यामुळे न्याहारी म्हणजे स्वप्नांचं कीर्तन. एकाला रात्रभर त्याची शाळेतली बाई मगरीवर बसून प्रगतिपुस्तक वाटताना दिसली. दुसऱ्याचं स्वप्न तर क्रमशः चालू आहे. ज्याने वेगळी गोळी घेतली त्याला सांगायला काहीच नसतं, तो खाली मान घालून चपाती खातो. हो, चपाती. सामोसासुद्धा. हिंदी महासागर ओलांडून गेलेले हे दोन पदार्थ आता मलावीचेच झाले आहेत, आणि त्यांच्या शेजारी मंदासी नावाचा तळलेला गोड पाव असतो. भारतीय प्रवासी एवढ्या लांब काहीतरी अस्सल आफ्रिकन खायला आलेला असतो. पहिल्याच सकाळी समोर सामोसा येतो, आणि फोन चालू केला तर त्यावर एअरटेल.

कधीकाळी या वस्तीतल्या एकालाही देशात प्रवेश मिळाला नसता. मलावीवर हेस्टिंग्ज बांडा यांची सत्ता होती तेव्हा पोशाखाचा कायदा होता. बायकांनी पँट घालायची नाही, गुडघा दिसता कामा नये, आणि पुरुषाचे केस कॉलरखाली उतरले तर सीमेवरच कात्री. जगभरचे हिप्पी मुक्तीच्या शोधात इथवर यायचे आणि पहिली भेट न्हाव्याशी व्हायची. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हे निर्बंध गेले. आजच्या दाढीवाल्याच्या पाठीवर रुळणाऱ्या जटा म्हणजे त्या देशाच्या लोकशाहीचा पुरावाच समजायला हरकत नाही; विंचरल्या असत्या तर पुरावा आणखी स्वच्छ दिसला असता.

दुपारी ऊन चढलं की प्रश्न येतो पाण्यात उतरायचा. पाणी असं की तळाचे खडे मोजावेत. पण प्रवाशाने वाचलेलं असतं, की या पाण्यात बिल्हार्झिया असतो. गोगलगायीतून बाहेर पडलेली सूक्ष्म अळी माणसाच्या कातडीतून आत शिरते आणि तिथे संसार थाटते. तो चौकशी करतो.

“इथे आहे का हो ते?”

“छे! इथे कुठलं! तिकडच्या खाडीत.”

तो डोंगर ओलांडून तिकडे जातो.

“इथे? नाही बुवा. तुम्ही आलात ना, तिकडेच.”

एकेकाळी सरोवराच्या उघड्या किनाऱ्यांवर हा रोग खरोखरच फारसा नव्हता. मग मासेमारी बेसुमार वाढली, गोगलगायी खाणारे मासे जाळ्यात गेले, गोगलगायी माजल्या आणि त्यांच्याबरोबर हा पाहुणाही, असं अभ्यासक सांगतात. मराठी प्रवाशाने याला अगदीच परका समजू नये. भारतात हा रोग जवळजवळ नाहीच, पण १९५२ साली तो सापडला तो नेमका आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात. डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह यांनी तो नोंदवला, आणि गिमवीचं नाव जगातल्या परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत गेलं. हापूस सोडून कोकणाने याही क्षेत्रात नाव काढलं आहे, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही.

शेवटी सगळेच पाण्यात उतरतात. त्यावर गोळी मिळते, घेऊ नंतर, असं एकमेकांना समजावत उतरतात.

पाण्याखाली मात्र प्रवाशाला खरा गुरू भेटतो. या सरोवरात माशांच्या जितक्या जाती आहेत तितक्या जगातल्या दुसऱ्या कुठल्याही सरोवरात नाहीत. शेकड्यांनी मोजाव्यात अशा, आणि बहुतेक फक्त इथेच सापडणाऱ्या. पिवळेधमक, निळेशार. काही जातींच्या माद्या अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतात, त्यामुळे तेवढे दिवस त्या काही खात नाहीत आणि घरात कुणाला उलट बोलतही नाहीत. पण गुरू तो नव्हे. गुरू म्हणजे कालिगोनो, म्हणजे तिकडच्या भाषेत झोपाळू. अंगावर निळसर-तपकिरी डाग, तळाशी वाळूत एका कुशीवर आडवा, हालचाल शून्य. मेला असावा, कुजायलाही लागला असावा, असं वाटतं. प्रवासी वरून तरंगत त्याच्याकडे भक्तिभावाने पाहतो. यालाच म्हणतात निवांतपणा! तेवढ्यात मेलेल्याचा लचका तोडायला एक लहान मासा जवळ येतो, आणि कालिगोनो एका झटक्यात उठून त्याला गिळतो. मग पुन्हा कुशीवर.

म्हणजे सरोवरातला सगळ्यात आळशी दिसणारा प्राणीसुद्धा ड्युटीवर होता. बेटावर रिकामे होते ते फक्त झोपाळ्यातले.

कारण बाकीचं बेट कामात असतं. रात्री होड्या दिवे लावून उसिपा धरायला जातात, सकाळी ती बोरूच्या मांडवांवर वाळत पडते. बायका कसावा कुटत असतात. इथली जमीन मक्याला फारशी मानवत नाही, म्हणून कसाव्याचाच न्सिमा, आपल्या उकडपेंडीचा दूरचा घट्ट भाऊ. प्रवासी झोपाळ्यातून हे बघतो आणि म्हणतो, “किती साधं, किती तणावमुक्त आयुष्य!” ज्या बाईबद्दल तो हे म्हणतो ती पहाटे चारपासून मुसळ हाणते आहे. तीही त्याच्याकडे बघून शेजारणीला काहीतरी म्हणते. दोघी खूप हसतात. प्रवासी हात हलवून त्यांना प्रतिसाद देतो.

काहीतरी करायला हवं म्हणून मग तो बावो खेळायला बसतो. चार रांगांचा पट, रांगेला आठ खळगे, चौसष्ट बिया. उचलायच्या, पेरत जायचं, समोरच्याच्या खायच्या. पाहायला इतकं सोपं की प्रवासी आपण हरलो हे तिसऱ्यांदा हरल्यावर ओळखतो. समोर म्हातारे आजोबा असतात. ते त्याच्या बिया उचलतात, त्याच्याकडे न बघता गप्पा मारत राहतात, आणि मधूनच त्याची चाल त्याच्या वतीने खेळून टाकतात, म्हणजे उगाच वेळ जायला नको. मग त्यांना दुसरं काम आठवतं आणि ते नातवाला बसवतात. नातू तिसरीत असतो. तो जास्त वेळ लावत नाही.

बेटावर पाहण्यासारखी एक प्रचंड गोष्ट आहे, आणि तिच्यापुढे प्रवाशाची बोलती बंद होते. १९०३ ते १९११ या काळात इथे सेंट पीटर्स कॅथीड्रल उभं राहिलं. लांबी सुमारे शंभर मीटर, दगडी भिंती, खिडक्यांना रंगीत काचा. जिथे पूर्वी चेटकिणी ठरवून माणसं जाळली जात त्या जागी. बेटावर तेव्हा रस्ता म्हणावा असा नव्हता, पण कॅथीड्रल इंग्लंडातल्या कुठल्याही शहराने मिरवावं असं. आतला एक क्रूस शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनचं काळीज ज्या झाडाखाली पुरलं त्याच्या लाकडाचा आहे. लोकांनी आठ वर्षं राबून हे बांधलं, हे ऐकल्यावर प्रवासी थोडा वेळ अस्वस्थ होतो. त्याला आपली कादंबरी आठवते.

संध्याकाळी ज्याच्या त्याच्या हातात फोन, तोंड आकाशाकडे, पाय सिग्नलच्या शोधात. जगापासून तुटायला आलो होतो हे मान्य, पण तुटलो आहोत हे जगाला कळवायला नको? बेटावर वीज पुष्कळ वर्षं ठराविक तासच असायची, रात्री दहाला जनरेटर झोपी जायचा आणि त्याच्याबरोबर बेटही. तेव्हा चार्जिंगच्या एकुलत्या खोक्यापाशी जी रांग लागे तिच्यात वार आणि महिना विसरलेली मंडळीसुद्धा आपला नंबर चोख लक्षात ठेवत.

बातमी उशिरा पोचली तर काय होतं याचा उत्तम दाखला याच सरोवरावर घडला आहे. १९१४चा ऑगस्ट. सरोवरात इंग्रजांची ‘ग्वेंडोलेन’ आणि जर्मनांची ‘हर्मन फॉन विसमान’ अशा दोन बोटी होत्या. त्यांचे कप्तान, ऱ्होड्स आणि बर्न्ट, एकमेकांचे जिगरी दोस्त, बसले की बाटली संपवून उठणारे. महायुद्ध सुरू झाल्याची तार ऱ्होड्सला मिळाली, बर्न्टला नाही. जर्मन बोट दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर ओढलेली असताना ऱ्होड्स आला आणि त्याने तोफ डागली. बर्न्ट संतापून छोट्या होडीत बसला, वल्हवत मित्राच्या बोटीपाशी आला आणि ओरडला, तू पिऊन आलायस की काय? ऱ्होड्सने त्याला वर घेतलं, युद्ध लागल्याची बातमी दिली आणि कैद केलं. महायुद्धातला हा इंग्रजांचा पहिला आरमारी विजय मानला जातो. फोनला सिग्नल का हवा, असं कुणी विचारलं तर प्रवाशाने बर्न्टसाहेबांचं नाव सांगावं.

आणि अधूनमधून आरोळी उठते, “धूर! बोट पेटली!” पाण्यावर दूर काळा स्तंभ उठलेला असतो, आभाळाला टेकलेला. जुने रहिवासी मान वर करत नाहीत. त्या माशा असतात. सरोवराच्या तळातून अब्जावधी चिलटं एकदम वर येतात आणि ढग करून फिरतात. लिव्हिंगस्टनलाही तो धूरच वाटला होता. ढग किनाऱ्यावर आला की लोक टोपल्या आणि भांडी फिरवून माशा गोळा करतात आणि त्यांच्या वड्या थापतात. त्यात भरपूर प्रथिनं असतात. प्रवासी शाकाहारी असला तर त्याला तोंड उघडून नकार द्यायची भीती वाटते, कारण तोंड उघडताच निर्णय त्याच्या हातात राहत नाही.

यथावकाश सुट्टी संपते आणि माणूस घरी येतो. दीड-दोन महिन्यांनी त्याला बिल्हार्झियावरची ती गोळी आठवते. लगेच घेऊन चालत नाही. अळ्या मोठ्या व्हाव्या लागतात, लहानांवर औषध नीट लागू पडत नाही. पुण्यातले डॉक्टर चष्मा वर करून त्याच्याकडे पाहतात. या रोगाचा रुग्ण त्यांनी फक्त परीक्षेत पाहिलेला असतो, आणि त्या पेपरात गिमवीवर टीप आली होती हे त्यांना आठवतं.

“पाण्यात कुठल्या तारखेला उतरला होतात?”

“तारीख नाही सांगता येणार, डॉक्टर. तिथे तारीख नसते.”

“बरं, साधारण महिना?”

प्रवासी बराच वेळ खिडकीबाहेर पाहतो. “आंबे होते तेव्हा…”

“हे पहा, औषध वजनावर ठरतं. वजन तरी सांगाल?”

“आधीचं सांगू की झोपाळ्यानंतरचं?”

डॉक्टर काही न बोलता कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट दाखवतात.